उतारावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि जीप थांबत नाही: एमएम ५४०, १९९४

सत्तरीचा बागायतदार

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९४ची महिंद्रा एमएम ५४० आहे. फोर बाय फोर, प्युजोचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बाबांनी घेतलेली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून गाडी मीच चालवतो आणि तिची देखभालही मीच बघतो.

गाडीचं काम म्हणजे घर ते काजूची बागायत. वाळपईच्या पुढे डोंगराला आमची झाडं आहेत. शेवटच्या दीड किलोमीटरला रस्ता म्हणावा असं काही नाही. जांभ्याचा कातळ, त्यावर सुटा मुरूम, आणि उतार संपला की व्हाळ, म्हणजे ओढा. व्हाळ ओलांडून पलीकडे गेलं की भट्टी. हंगामात काजूच्या बोंडूंनी (फळांनी) भरलेल्या टोपल्या घेऊन दिवसाला तीन खेपा होतात. मागे आई बसते, कधी कामाला आलेल्या बायका.

गेल्या सोमवारी तिसऱ्या खेपेला उतरताना ब्रेक दाबला, तर पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटला. पेडल खाली जाईना आणि गाडी थांबेना. लो गिअरला होतो म्हणून वेग फार नव्हता. तरी व्हाळाच्या आधी एक वळण आहे, तिथे गाडी वळवता आली नसती. हॅन्ड ब्रेक ओढला, डावीकडच्या बांधाला चाक घासलं आणि गाडी थांबवली. आई मागेच होती. तिने मला एक शब्द विचारला नाही. कलंडलेल्या टोपल्या सरळ केल्या आणि उरलेली वाट पायी उतरली. त्या दिवसापासून गाडी अंगणात उभी आहे.

आतापर्यंत काय केलंय ते सांगतो. दिवाळीत ब्रेक कमी वाटला म्हणून गॅरेजला नेली. चारही चाकांचे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) नवे, मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलला देतो तो) किट नवं, ब्रेक ऑइल नवं. बिलावर 'नळी १' असंही लिहिलंय, कुठली ते मला कळलं नाही. दोन महिन्यांत पुन्हा तोच प्रकार. पुन्हा नेली, त्यांनी ड्रम लेथवर टर्न केले आणि पुन्हा लायनर मारले. दोन्ही वेळचे मिळून साडेअकरा हजार गेले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की जुनी गाडी आहे, इतकाच ब्रेक लागणार. मला ते पटत नाही. बाबा याच गाडीने भर पावसात चोर्ला घाट उतरायचे, मी शेजारी बसलेला असायचो.

लक्षणं अशी: सकाळी पहिल्या खेपेला ब्रेक चांगला लागतो. वीस-पंचवीस मिनिटांनी पेडल कडक होत जातं. स्पंजासारखं लागत नाही, पंप करून फरक पडत नाही, ऑइलची पातळी महिनोन्‌महिने तीच आहे. जोरात दाबला तर गाडीचं तोंड किंचित उजवीकडे जातं. बूस्टर (व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवतो तो डबा) मूळचा नाही, बाबांनी नंतर बसवून घेतला होता. त्याचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला आहे.

हंगाम संपायला महिना आहे. पण घाई त्यासाठी नाही. आईला पुन्हा त्या उतारावर बसवायचं तर मला खात्री हवी. सुरुवात कुठून करू?

पणजीचा जिप्सीवाला

चारही ड्रम असतील तर त्रास राहणारच. माझ्या जिप्सी किंगला पुढे डिस्क आहेत, चोर्ला घाटात कधी प्रश्न आला नाही. पाण्यातून काढली तरी डिस्क लगेच सुकते. पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवून घे आणि मोकळा हो. एकदाच खर्च होईल.

फोंड्याचा फिटर

गाडी उभी ठेवलीस ते फार बरं केलंस. दुरुस्ती होईपर्यंत त्या उताराला नेऊच नकोस, रिकामीसुद्धा.

एकतीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली निम्मी जीपवर गेली. दोनदा लायनर बदलले आणि दुखणं तेच राहिलं, याचा अर्थ दुखणं लायनरमध्ये नव्हतं. चाक खोलण्याआधी पेडल काय सांगतं ते बघायचं असतं. पेडल खोल जातं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं, तर शू, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, ड्रमपासून लांब गेलेत, अ‍ॅडजस्टमेंट पाहिजे. स्पंजासारखं लागतं, तर पाइपात हवा आहे किंवा रबरी होज फुगतेय. पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू बुडत गेलं, तर मास्टरचे रबरी कप आतल्या आत सोडतायत किंवा कुठेतरी गळतंय. तुझ्यात यातलं एकही नाही. तुझं पेडल कडक आहे. म्हणजे ऑइलची बाजू बहुधा ठीक आहे. एक तर तुझ्या पायाला मिळणारी मदत बंद होते, नाही तर जोर चाकापर्यंत पोचूनही लायनर ड्रमला धरत नाही.

आता तुझी सगळ्यात मोठी खूण. गार असताना चांगला, तापल्यावर कडक. हे ऐकून शंभरातले नव्वद जण म्हणतील की ड्रम तापले, लायनर चकाकले, ब्रेक फेड झाला, म्हणजे तापून धरेनासा झाला. तसं असू शकतं. पण तापतं काय, हे आधी ठरव. खेप मारलीस की ड्रमही तापतात आणि इंजिनही तापतं, दोन्ही एकाच वेळी, म्हणून गोंधळ होतो. दोघांना वेगळं कर.

ते असं. गाडी सपाट अंगणात ठेव, चाकांना पुढून-मागून चिरे लाव. इंजिन गार असताना, बंद ठेवूनच, पेडल सात-आठ वेळा दाब. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपला की पेडल कडक होईल. आता पाय तसाच दाबून धर आणि स्टार्टर मार. डिझेल गाडीत पंपाला व्हॅक्यूम तयार करायला दोन-चार सेकंद लागतात. बूस्टर ठीक असेल तर पेडल तुझ्या पायाखाली बोटभर खाली सरकेल. हे लक्षात ठेव. मग ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, इंजिन अर्धा तास नुसतं चालू ठेव. चाक फिरलेलं नाही, ड्रम गारच आहेत. आता तीच तपासणी पुन्हा कर. पेडल खाली सरकलं नाही तर लायनर निर्दोष. दोष पंप, बूस्टर आणि त्यांच्यामधली नळी यांतच आहे.

पेट्रोल गाडीत इंजिनच्या इनटेकमधूनच व्हॅक्यूम मिळतो. तुझ्या डिझेलला थ्रॉटलची झडपच नाही, म्हणून वेगळा पंप लावावा लागतो. त्या पंपाला इंजिनमधून तेलाची बारीक नळी येते. ती चोंदली तर आतली पाती झिजतात. अल्टरनेटरचा पट्टा सैल असेल तर पंपही सुस्त फिरतो. बूस्टरच्या तोंडाशी एकतर्फी झडप असते, तीही बघ. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायचं आणि मग पेडल दाबायचं. पहिले एक-दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर व्हॅक्यूम कुठून तरी निसटतोय. पेडल दाबून धरल्यावर पायापाशी सूऽऽ असा आवाज येतच राहिला तर बूस्टरचा पडदा फाटला असेल.

आणि ती बिलावरची 'नळी १' कुठली ते शोधून काढ. माझा जीव तिथे अडकलाय.

गाडी उजवीकडे ओढते, तो वेगळा विषय आहे असं धरून चाल. उजवीकडे जाते म्हणजे डावीकडचं कुठलं तरी चाक कमी धरतंय. चाकातले शू ढकलणारा व्हील सिलिंडर अडकला असेल किंवा लायनरवर तेल आलं असेल. डावीकडचे दोन्ही ड्रम काढून बघ. आधी अ‍ॅडजस्टर सैल कर. ड्रम निघत नसेल तर हातोडा घालू नकोस, पुलर लाव. आतली धूळ फुंकायची नाही, हवेचा पाइपही मारायचा नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती भुकटी छातीत जाते. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं टाकून दे. रबरी कपांना रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यांतलं काहीही लागू देऊ नकोस. ते फुगतात आणि मग सिलिंडर जाम होतो. धुवायचे तर ब्रेक ऑइलनेच धू. लायनरची एक पट्टी लांब आणि एक आखूड असली तर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घे. उलट बसवले तर ब्रेक निम्मा होतो आणि कारण सापडता सापडत नाही.

जिप्सीवाले भाऊ, राग मानू नका, पण आज याला डिस्क बसवायला सांगणं धोक्याचं आहे. ड्रममध्ये पुढचा शू ड्रमच्या फिरण्यानेच आत ओढला जातो, स्वतःचा जोर वाढवतो. डिस्कला तसं काही नाही, तिला पाइपात जास्त प्रेशर लागतं. बूस्टर मेलेला असताना डिस्क लावली तर आहे तेवढाही ब्रेक राहायचा नाही.

कुळ्याचा ड्रायव्हर

फिटर काकांचं बरोबर आहे. मी डावीकडच्या चाकाबद्दल सांगतो.

कुळ्याहून दूधसागरला जीप नेतो, हा सोळावा हंगाम. दर खेपेला पाण्यात उतरावं लागतं. व्हाळ ओलांडणाऱ्या गाडीत मी सगळ्यात आधी मागच्या अ‍ॅक्सलचा ब्रीदर बघतो. हाऊसिंगच्या वर एक लहानशी टोपी असते, तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. चालून चालून अ‍ॅक्सल तापला की आतली हवा फुगते. ब्रीदर मोकळा असेल तर ती तिथून जाते. चिखलाने बुजला असेल तर तीच हवा तेलाला चाकाकडे ढकलते आणि ऑइल सीलमधून ईपी ९०, म्हणजे आतलं गिअर तेल, थेट लायनरवर येतं. तापलेला अ‍ॅक्सल एकदम गार पाण्यात शिरला की उलटं होतं. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून तेलही बघ. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, लगेच बदल.

चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर, ओला काळा ओघळ दिसला तर वास घे. ब्रेक ऑइलला असा वास नसतो. ईपी ९०ला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतलास की विसरणार नाहीस.

आणखी एक. पाण्यातून बाहेर आलास की लगेच उताराला लागू नकोस. ड्रममध्ये पाणी राहतं. शंभर-दीडशे मीटर हळू जात डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून धर, लायनर सुकतात. ब्रेक नीट धरतो असं वाटलं की मगच पुढे. माझ्या गाडीत माणसं बसलेली असतात, त्यामुळे हे मी एकदाही चुकवत नाही.

सत्तरीचा बागायतदार

काका, भाऊ, देव बरे करू. चार दिवस हेच करत होतो, आता सविस्तर लिहितो.

सकाळी गार इंजिनवर तपासणी केली. पाय दाबून स्टार्टर मारला, तीन सेकंदांत पेडल बोटभर खाली गेलं. म्हणजे बूस्टर ठीक. मग अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, गाडी जागची हलली नाही. तीच तपासणी पुन्हा केली, तर पेडल जराही सरकलं नाही. खाली उतरून चारही ड्रमना हात लावला. गार.

धाकट्या भावाला पेडलवर बसवलं आणि मी बॉनेट उघडून टॉर्च मारला. पंपाकडून बूस्टरकडे एक काळी नळी जाते. एक्झॉस्टच्या जवळ ती वळते, आणि त्या वळणावर ती वाळलेल्या शेंगेसारखी चपटी झाली होती. आतून दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. इंजिन बंद करायला सांगितलं आणि बघत राहिलो. ती हळूहळू फुगत गेली आणि मिनिटभरात पुन्हा गोल झाली. बोटाने दाबून पाहिली तर पिकल्या आंब्यासारखी मऊ. भावाने पुन्हा इंजिन चालू केलं, माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा चपटी. काढून बघितली तर ती पाण्याची नळी निघाली, रेडिएटरला लावतात तसली. आत कापडाचा थर पातळ आहे. आतून दाब आला तर ती टिकते, पण आतून ओढ बसली की तापल्यावर तिच्यात उभं राहायचं बळ नाही. दिवाळीत बिलावर आलेली 'नळी १' हीच. दिवाळीत ब्रेक थोडा कमी होता, तो हिच्यामुळे पार बिघडला. आणि त्यानंतर दुसऱ्यांदा मारलेल्या लायनरचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता.

मग डावीकडचं मागचं चाक. ड्रम पुलर लावूनच निघाला. आत सगळं काळं, ओलं, चिकट. वास भाऊंनी सांगितला तोच. नवे लायनर, चार महिन्यांचे, तेलाने भिजून गेलेले. म्हणजे दिवाळीच्या आधी जो ब्रेक कमी वाटत होता, त्याचं मूळ बहुतेक हेच. लायनर बदलले, पण तेल कुठून येतं ते कोणी बघितलं नाही. मीही विचारलं नाही.

ब्रीदर शोधायला गाडीखाली गेलो. टोपी कधीची पडलेली. उरलेल्या भोकावर मातीचा गोळा होता, करंगळीच्या पेराएवढा, गुळगुळीत. चिखल म्हणून तारेने खरवडला, तर तो फुटून आतून सुकलेले बारीक कोळी पडले. कुंभारीण माशीने तिथे घर बांधलं होतं. आमच्या मांगराच्या भिंतीवर, दाराच्या कडीच्या भोकात ती अशीच घरं बांधते. भोक छान बंद केलं होतं तिने, एक थेंब हवा जाऊ नये असं.

आता प्रश्न दोन. डावीकडचे लायनर पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून चालतील का? आणि नवी नळी कसली घेऊ?

फोंड्याचा फिटर

लायनर धुऊन चालणार नाहीत. तेल आत मुरलेलं असतं. गार असताना कोरडे दिसतील, तापले की पुन्हा बाहेर येईल. फेकून दे. आणि फक्त डावीकडचे बदलू नकोस, मागच्या दोन्ही चाकांचे एकदम बदल, नाही तर ओढणं जाणार नाही. त्याआधी सील बदल. सील ज्या जागी शाफ्टवर घासतं तिथे नख फिरवून बघ. खाच लागली तर नवं सीलही गळेल. ड्रम साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून कोरडा कर.

नळी व्हॅक्यूमचीच माग. जाड भिंतीची, कापडाचे थर असलेली, ब्रेक बूस्टरसाठी असं सांगूनच घे. एक्झॉस्टपासून चार बोटं लांबून ने आणि क्लॅम्पने बांध, वळण सौम्य ठेव.

ब्रीदरला नवी टोपी लावलीस तरी ती पुन्हा बुजेल. तिथे निपल बसवून तेल चालणारी बारीक नळी जोड आणि तिचं तोंड वर, बॉडीच्या आत, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर ने. तोंडाला जाळीचा तुकडा बांध, कुंभारणीसाठी. पुढच्या अ‍ॅक्सललाही तसंच कर.

मागचे व्हील सिलिंडर उघडलेस तर हवा काढावी लागेल. तुझा मास्टर उजवीकडे, तेव्हा सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू कर: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ऑइल सीलबंद डब्यातलंच घे. ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या पावसात उघडा ठेवलेला डबा महिन्यात वाया जातो. डॉट ३ कोरडं असताना दोनशेपाच अंशांना उकळतं, पाणी शोषलं की एकशेचाळीसच्या आसपास. घाटात तेवढं तापायला वेळ लागत नाही. दोन वर्षांनी बदलत जा.

उतारावर इंजिन कधीही बंद करू नकोस. तुझा व्हॅक्यूम पंपावर आहे, इंजिन थांबलं की फार तर दोन दाब हातात राहतात. नवे लायनर ड्रमला बसेपर्यंत दोन-तीनशे किलोमीटर जातील. तोवर ओझं कमी ठेव, आणि मग एकदा अ‍ॅडजस्टमेंट पुन्हा कर.

सत्तरीचा बागायतदार

सगळं झालं. नळी, दोन्ही मागचे सील, लायनर, ब्रीदरच्या नळ्या. डाव्या शाफ्टला खाच नव्हती, नशीब. आज इंजिन चाळीस मिनिटं तापवून पाहिलं, पेडल मऊच. नळी गोलच्या गोल. मग एकटाच त्या उतारावर गेलो, रिकामी गाडी, लो गिअर. चार वेळा उतरलो आणि दर वेळी वळणाच्या आधी पूर्ण थांबवून दाखवली. तोंड सरळ राहिलं. व्हाळातून आल्यावर डाव्या पायाने ब्रेक सुकवला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, उद्या टोपल्या आण, परवा मी बसते.